काचेवरचा बाण

साताऱ्याच्या मावशीचा फोन दुपारी तीनला आला की समजायचं, भिशीचा हिशेब अडला. महिला मंडळाच्या भिशीचं एक्सेल तिच्याकडे आणि त्या एक्सेलची डागडुजी माझ्याकडे, अशी आमची वाटणी आहे. त्या दिवशी मात्र हिशेब बाजूलाच राहिला. ती वैतागली होती.

"अगं, बाण बरोब्बर त्या चुकलेल्या चौकोनावर ठेवला आणि मग फोटो काढला. तुला पाठवला. आता बघते तर फोटोत बाणच नाही!"

फोटो म्हणजे स्क्रीनशॉट. प्रिंट स्क्रीनचं बटण मीच तिला दिवाळीत दाखवलं होतं. तिने पाठवलेलं चित्र उघडून पाहिलं. रकाने, नावं, आकडे सगळं जागच्या जागी. बाण तेवढा नव्हता.

"मावशी, बाण त्या चित्रात नसतोच."

"नसतो कसा? मला इथे ढळढळीत दिसतोय!"

तिचंही खरं होतं. ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणाऱ्या हार्डवेअरला हाकणारे प्रोग्राम, लिहिण्यात माझी पंधरा-वीस वर्षं गेली, त्यातले कितीतरी महिने या एवढ्याशा बाणाच्या मागे. तरी फोनवर चटकन सांगता येईना. "संध्याकाळी करते फोन" म्हणून मी सुटका करून घेतली.

जुन्या कचेरीतलं एखादं टेबल आठवा. वर जाड काच. काचेखाली फोन नंबरांची यादी, सुट्ट्यांचा तक्ता, गेल्या वर्षीचं कॅलेंडर, एखादा देवाचा फोटो. साहेब चहाचा कप त्या काचेवर ठेवतात, उचलतात, दुसरीकडे ठेवतात. खालच्या कागदांना त्याचा पत्ताही नसतो. आता काच काढून टाका. कप थेट कागदावर आला. उचलला की खाली गोल डाग. डाग राहू द्यायचा नसेल तर कप ठेवण्याआधी त्या जागी काय होतं त्याची नक्कल काढून ठेवायची, आणि कप हलला की ती नक्कल पुन्हा तिथे चिकटवायची. दर वेळी. कप सेकंदाला शंभर वेळा हलत असला तरी.

या बाणाला आम्ही कर्सर म्हणतो. काच असलेलं टेबल म्हणजे हार्डवेअर कर्सर, बिनकाचेचं म्हणजे सॉफ्टवेअर कर्सर. कॉम्प्युटरच्या मेमरीत स्क्रीनचं एक पूर्ण चित्र असतं, त्याला फ्रेम बफर म्हणतात. डिस्प्ले कंट्रोलर ते चित्र डावीकडून उजवीकडे, वरून खाली, ठिपक्या-ठिपक्याने वाचून मॉनिटरकडे धाडत राहतो, साधारणपणे सेकंदाला ६० वेळा. हार्डवेअर कर्सर असेल तर बाणाचं छोटं चित्र मेमरीत वेगळंच पडलेलं असतं. ठिपका बाहेर पडता पडता सर्किट फक्त एवढंच पाहतं, की ही जागा बाणाच्या चौकोनात येते का? येत असेल तर फ्रेम बफरमधला ठिपका सोडून बाणातला ठिपका पुढे जातो. दोन्हींची भेट होते ती थेट मॉनिटरच्या वाटेवर. मेमरीतल्या मोठ्या चित्राला बाण कधी शिवतच नाही. मावशीच्या स्क्रीनशॉटमध्ये कागद आले, काचेवरचा कप राहिला. (सॉफ्टवेअर कर्सर असता तरी बहुधा हेच झालं असतं. चित्र उचलण्याआधी बाण हळूच बाजूला घ्यायची विंडोजची जुनी पद्धत आहे. पण तो शिष्टाचार झाला, ही रचना आहे.)

या रचनेत बाण हलवायला किती कष्ट पडतात? दोन आकडे. आडवी जागा आणि उभी जागा, दोन रजिस्टरांत, म्हणजे चिपमधल्या आकडे ठेवायच्या छोट्या कप्प्यांत, लिहायची, संपलं. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनचं चित्र, ठिपक्याला चार बाइट धरले, तर सुमारे ८३ लाख बाइटांचं होतं. तो डोंगर जागचा हलत नाही, आणि बाण तुमच्या मनगटाबरोबर भिरभिरतो.

ही युक्ती नवी नाही. झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात १९७३ साली घडलेल्या आल्टो यंत्रात कर्सर १६ बाय १६ ठिपक्यांचा होता आणि तो चित्रात मिसळायचा तो बाहेर जाता जाताच. बाण डावीकडे कलला तोही तिथेच. एवढ्या कमी ठिपक्यांत सरळ उभा बाण धड दिसत नसे. एक कड सरळ आणि दुसरी तिरकी धरली की तो उठून दिसे. पडदे इतके सुधारले, तो बाण अजून कललेलाच आहे. १९८५ च्या अमीगात आठ 'स्प्राइट' होते, खेळातली माणसं आणि गोळ्या चित्राला धक्का न लावता फिरवण्यासाठी. त्यातला शून्य क्रमांकाचा बाणासाठी राखून ठेवलेला. त्याउलट १९८४ चा पहिला मॅकिन्टॉश. त्याला काच नव्हती. ५१२ बाय ३४२ च्या त्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर बाण रंगवण्याचं, पुसण्याचं, खालचं परत लावण्याचं काम त्याचा एकुलता एक प्रोसेसर करायचा, आणि तेही मॉनिटरचा किरण तळाशी पोचून पुन्हा वर जायच्या क्षणभराच्या उसंतीत. मला त्या मॅकचं फार कौतुक आहे. काच परवडत नसताना डाग न पडू देणं सोपं नाही.

मी हे कष्ट हाताने केलेत म्हणून कौतुक. १९९४ साली पुण्यात एका क्लासमध्ये टर्बो सीवर प्रोग्राम लिहायला शिकले आणि लगेच पेठेतल्या एका औषधांच्या दुकानासाठी बिलाचा प्रोग्राम लिहायला घेतला. विंडोजच्या आधीची डॉस, पडदा ६४० बाय ४८०, १६ रंग. माउसने दाबायची बटणं काढायची हौस माझीच, दुकानदाराने मागितली नव्हती. डॉसमध्ये माउसचा ड्रायव्हर इंटरप्ट ३३ वर भेटे, इंटरप्ट म्हणजे चालू काम थांबवून मारलेली हाक. एक नंबरची विनंती केली की बाण दिसायचा, दोन नंबरची केली की लपायचा. आणि नियम असा, की पडद्यावर काहीही काढण्याआधी बाण लपवायचा, काढून झालं की दाखवायचा. विसरलात तर ड्रायव्हरकडे खालच्या चित्राची जी नक्कल असे ती शिळी ठरायची. बाण हलला की तो ती शिळी नक्कल इमानेइतबारे चिकटवायचा, आणि नव्या चित्रात जुन्या चित्राचं बाणाएवढं ठिगळ उमटायचं. प्रोग्रामरांच्या बोलीत याला 'माउस ड्रॉपिंग्ज' म्हणतात. उंदराच्या लेंड्या. आम्ही क्लासमध्येही तेच म्हणायचो, मराठीत, आणि सर आले की गप्प व्हायचो.

लेंड्या मला जमल्या नाहीत, मी वेगळंच केलं. ड्रायव्हर एक मोजणी ठेवतो. दोनदा लपवलंत तर दोनदा दाखवावं लागतं. माझ्या कोडमध्ये औषध सापडलं नाही तर फंक्शनमधून मध्येच बाहेर पडायची एक वाट होती. त्या वाटेवर बाण लपवला जायचा, दाखवला जायचा नाही. सकाळी दुकान उघडताना सगळं ठाकठीक. दिवसभरात कुणी चार अशी औषधं मागितली, की मोजणी चार पायऱ्या खाली. दुकानदाराचा निरोप आला, "मॅडम, उंदीर पळाला." मी गेले, मशीन बंद करून चालू केलं, बाण हजर. दुसऱ्या दिवशी पुन्हा निरोप. न सापडणाऱ्या औषधाची आणि पळणाऱ्या उंदराची सांगड घालायला मला आठवडा लागला. तोवर दुकानदार कीबोर्डवरच सगळं करायला शिकला होता आणि त्याचा हात माउसपेक्षा जलद चालत होता.

त्याआधीच्या ईजीए ग्राफिक्स कार्डांच्या काळात तर याहून कठीण. त्या कार्डांची बरीच रजिस्टरं फक्त लिहिता यायची, वाचता यायची नाहीत. माउसचा इंटरप्ट कधीही टपकणार. तुमचा प्रोग्राम निम्मी रेघ काढून थांबलेला, कार्ड कुठल्या अवस्थेत आहे ते विचारायची सोय नाही. बाण काढायचा तर कार्डाच्या अवस्थेत ढवळाढवळ करावी लागणार आणि नंतर ती होती तशी करून द्यावी लागणार. म्हणून रजिस्टरांत काय काय लिहिलं त्याची वही ठेवणारी एक वेगळी सोयच माउस ड्रायव्हरात करून ठेवली होती. बाहेरून आलेल्याला घरात काय कुठे होतं ते ठाऊक नसेल तर आवरून कसं ठेवणार?

नव्वदीत कार्डांना काच आली. १९९० च्या आयबीएमच्या एक्सजीए कार्डात ६४ बाय ६४ चा कर्सर होता, आणि पुढे तोच आकार रूढ झाला. ठिपक्याला दोन बिट, म्हणजे अख्खा बाण १०२४ बाइटांत. दोन बिटांत चार शक्यता: पहिला रंग, दुसरा रंग, पारदर्शक, आणि चौथी माझी आवडती, खाली जे असेल त्याच्या उलट. विंडोजमध्ये मजकुरावर येणारी ती उभी बारीक काडी पांढऱ्या कागदावर काळी आणि काळ्यावर पांढरी दिसते ना, ती या चौथ्या शक्यतेची. पुढे सावलीवाले, अर्धपारदर्शक बाण आले, ठिपक्याला चार बाइट लागू लागले, १०२४ चे १६ हजार ३८४ झाले. सावली छान दिसते. मला ती कधीच गरजेची वाटली नाही.

मग हार्डवेअरचे स्वतःचे आजार सुरू झाले. साल २००२ च्या आसपास ओळखीच्या एका डीटीपीवाल्याचा ऐन लग्नसराईत फोन. पत्रिकांचा ढीग पडलाय आणि बाणाच्या जागी रंगीबेरंगी चौकोन फिरतोय, टोक कुठे तेच कळत नाही. हा चौकोन म्हणजे लेंड्या नव्हेत. लेंड्या मागे राहतात, हा सोबत फिरतो. काचेवरचा कपच बिघडलेला. विंडोज एक्सपीत डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये खोल आत 'हार्डवेअर ॲक्सेलरेशन' नावाची सरकपट्टी असे. ती एक घर डावीकडे ओढली. बाण शहाण्यासारखा दिसायला लागला. त्या एका घरात माझा सगळा अभ्यास होता: ते पहिलं घर कर्सरची आणि बिटमॅप चित्रांची हार्डवेअरची सोय बंद करायचं. विंडोज एरवी ड्रायव्हरला विचारतं, हा आकार तुला झेपेल का? ड्रायव्हर नाही म्हणाला तर विंडोज स्वतः बाण रंगवतं. आपण पट्टी सरकवून ड्रायव्हरच्या वतीने 'नाही' म्हणून टाकायचं. लिनक्सवाल्यांकडेही एक्सच्या, म्हणजे तिथे खिडक्या आणि बाण दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या, कॉन्फिग फाइलमध्ये 'एसडब्ल्यूकर्सर' अशी एक ओळ टाकायची सोय होती, तिचंही काम हेच. डीटीपीवाल्याने पन्नास रुपये पुढे केले, मी कटिंग चहा घेतला.

पुढे नोकरी लागली ती बिघडवणाऱ्यांच्या बाजूने. एका छोट्या बोर्डासाठी डिस्प्ले ड्रायव्हर लिहायचा होता, चिपमध्ये कर्सर होताच. अर्ध्या दिवसात बाण फिरायला लागला, मी सगळ्यांना दाखवून आले. मग टेस्टिंगमधून तक्रार: पडद्याच्या डाव्या कडेला गेलं की कर्सर गायब होतो. कधी कधी. हे 'कधी कधी' मला तीन दिवस पुरलं. साध्या बाणाचं टोक त्याच्या चौकोनाच्या अगदी कोपऱ्यात असतं, त्यामुळे टोक शून्यावर गेलं तरी चौकोन पडद्यातच राहतो. पण अधिकच्या खुणेसारखा कर्सर असेल तर त्याचा नेम मधोमध. नेम कडेला टेकला की चौकोनाचा डावा अर्धा भाग पडद्याबाहेर, म्हणजे जागा उणे पंधरा. रजिस्टरला उणे माहीत नव्हतं. त्याने उणे पंधराचा अर्थ भलामोठा आकडा असा घेतला आणि कर्सर उजवीकडे क्षितिजापार रवाना केला. चिपच्या माहितीपत्रकात यासाठी वेगळं रजिस्टर होतं, चौकोनाचा किती भाग कापायचा ते सांगणारं. मी ते पान ओलांडून गेले होते.

आता या सगळ्यातली मला सगळ्यात गमतीची वाटणारी गोष्ट. मशीन अडकलंय असं वाटलं की आपण काय करतो? माउस हलवून बघतो. बाण हलला तर हुश्श, जीव आहे. नाडी बघितल्यासारखं. पण हार्डवेअर कर्सरच्या मशीनमध्ये ही नाडी फार थोडं सांगते. प्रोग्राम ठप्प असेल, खिडक्या गोठल्या असतील, तरी दोन आकडे लिहिणारा एक छोटा कोपरा जागा असला की बाण तुरुतुरु धावतो. एक्सफ्री८६ मध्ये, म्हणजे त्या एक्सच्याच एका जुन्या अवतारात, तर ही गोष्ट मुद्दाम करून ठेवली होती. माउसची हालचाल आली की मुख्य काम जिथे असेल तिथे थांबवून, सिग्नल हाताळणाऱ्या तुकड्यातच बाण पुढे सरकवायचा. नाव 'सिल्कन माउस', रेशमी उंदीर. अट एकच, कर्सर हार्डवेअरचा हवा. बरोबरच आहे, दोन आकडे कामाच्या मध्येच लिहिता येतात, कागदावरचा डाग मध्येच पुसता येत नाही. २०१६ च्या एक्स सर्व्हर १.१९ पासून ते काम वेगळ्या थ्रेडकडे, म्हणजे प्रोग्रामच्या बाजूने चालणाऱ्या वेगळ्या धाग्याकडे गेलं. सॉफ्टवेअर कर्सर मात्र खोटं बोलत नाही. मशीन दमलं की तोही दमतो, अडखळतो, थांबतो.

एखादी खिडकी बाणाने पकडून जोरात ओढा आणि नीट बघा. बाण पुढे, खिडकी मागे. मघाशी जिथून धरली होती तिथून ती सुटलेली, आणि तुम्ही थांबलात की धावत येऊन हाताला लागते. खिडकी रंगवून, बाकीच्या खिडक्यांत मिसळून पडद्यावर यायला एखाद-दोन फ्रेम लागतात. एक फ्रेम म्हणजे सुमारे १७ मिलिसेकंद. बाण त्या रांगेत उभाच राहत नाही. सॉफ्टवेअर कर्सर केला तर बाण आणि खिडकी हातात हात घालून येतात, दोघंही उशिरा. ज्या खेळांत बाण खेळच रंगवतो तिथे तो बाण जरा चिकट, मधात बुडवलेला वाटतो, त्याचं कारण बरेचदा हेच. दोन्हींतलं कुठलं बरं, यावर ऑफिसात आमचे जेवणाचे डबे गार झालेत. माझं मत विचाराल तर बाण पुढेच असावा. हाताला लगेच उत्तर मिळालं की बाकीच्याची वाट बघवते.

घरात या काचेचा शोध नवऱ्याला आपोआप लागला. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून त्याने स्क्रीन पिवळसर करणारी सोय चालू केली. सगळं पिवळं, बाण तेवढा पांढराशुभ्र. "याला रंग का लागत नाही?" काही कार्डांवर रंगाची दुरुस्ती फक्त कागदांना होते, बाण त्यानंतर मिसळतो. कागद हळदीत बुडवले, कप काचेवरच. माउसची शेपटी दाखवायची सोय चालू कर म्हटलं, मग विंडोज बाण स्वतः रंगवतं आणि तोही पिवळा होतो. त्याने केलं. बाणामागे बाणांची माळ बघून पाच मिनिटांत बंद केलं.

डिसेंबर १९६८ ची नऊ तारीख, सॅन फ्रान्सिस्को. डग्लस एंगेलबार्टने हजारभर लोकांपुढे माउस पहिल्यांदा चालवून दाखवला. पडद्यावरच्या त्या खुणेला त्यांच्याकडे 'बग' म्हणत. आमच्या बोलीत बग म्हणजे प्रोग्राममधली चूक, माझ्या तशा चुका वर आल्याच आहेत. त्यांच्या व्यवस्थेत कॉम्प्युटर एका छोट्या उच्च दर्जाच्या नळीवर चित्र काढायचा, आणि त्या नळीसमोर टीव्हीचा कॅमेरा लावलेला असायचा. कॅमेऱ्याला दिसेल ते वापरणाऱ्याच्या मॉनिटरवर. खूण आधी काढली की नंतर, कुठल्या मेमरीत आहे, कॅमेऱ्याला काय करायचंय? उजेड पडला, दिसलं.

संध्याकाळी मावशीला फोन केला आणि तिच्या मशीनमध्ये दुरून शिरले. दुरून काम करतानाही बाणाचा मान वेगळा असतो. बऱ्याच सोयींत समोरचं मशीन बाणाचा फक्त आकार पाठवतं, आणि तो इथेच, आपल्या मशीनवर, आपल्या हाताबरोबर हलतो. चित्र मात्र साताऱ्याहून रखडत येतं. मी चौकोनाकडे बाण नेला. पलीकडून आवाज आला, "अगंबाई, आपोआप चाललाय! भूत शिरल्यासारखा!" मग तिनेही माउस धरला. मी डावीकडे, ती उजवीकडे, बाण मध्ये थरथरत.

"तू हात काढ बघू," ती म्हणाली. "तुला कुठे ते कळणार नाही. मी दाखवते."

मी हात काढला. तिने फोन ठेवला. दोन मिनिटांनी व्हॉट्सॲपवर फोटो आला, मोबाइलने काढलेला, किंचित तिरका, स्क्रीनवर ट्यूबलाइटची रेघ पडलेली. बाण त्यात होता. त्याच्या शेजारी काचेला टेकलेलं तिचं बोट, नखाला भाजीची हळद, आणि त्याखाली चुकलेला चौकोन: फेब्रुवारीचा हप्ता दोनदा धरला होता.